मचूळ पाण्याचं घर

सुगीचे दिवस आले की मी अजूनही दाराची कडी दोनदा बघते. आता घरात ना रास आहे ना कडबा. आम्ही जालन्याला राहायला येऊन कितीतरी वर्षं झाली, ज्वारी पोत्यातून येते आणि पोतं हमाल आणून टाकतो. तरी माघ सरता सरता वारं कोरडं झालं, ओठ तडकायला लागले, की माझा पहारा आपोआप सुरू होतो. सून हसते. म्हणते, "आत्याबाई, चोर काय तुमची कवळी नेणार हाय का?" नेईल की. चोराचं काय सांगावं.

लोक सुगीला आनंदाचा हंगाम म्हणतात. म्हणू देत बापडे. मला विचाराल तर सुगीइतका संशयी हंगाम दुसरा नाही. पेरताना माणूस देवावर भरवसा टाकतो, पण पीक हाताशी आलं की त्याला शेजारी दिसायला लागतो. आमच्या खळ्यावर रास पडली की तिच्यावर राखेचे शिक्के उठवायचे, म्हणजे कुणी मूठभर जरी उचललं तरी सकाळी कळावं. रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि तेही हळू. बांधावरून जाणाऱ्यानं "किती झाली ओ?" विचारलं तर "हाय आपली पोटापुरती" एवढंच सांगायचं. नजर लागते म्हणत. नजर कसली, ज्याला आकडा कळला तो उद्या मागायला येणार, ही खरी भीती. करडई तर पहाटेच काढायची, दवानं काटे मऊ असतात तोवर. हाताला फडकी गुंडाळलेल्या बाया एका ओळीनं वाकलेल्या, आणि त्यातही एकीचं लक्ष दुसरीच्या ओटीकडं. अशा घरात मी सून होऊन आले. संशय मला कुणी शिकवला नाही, तो भाकरीबरोबर पोटात गेला.

परवा नातू एक रंगीत कागद घेऊन आला. कुठल्याशा समुद्राकाठच्या शहरात खोल्या बांधून राह्यलेत म्हणे. "आजी, आपण एक खोली घ्यायची. ऱ्हायचं न्हाई. सुट्टीला आलेले लोक दोन-दोन दिवस ऱ्हातेत, भाडं बराबर आपल्याला." कागदावर निळं पाणी होतं आणि खुर्चीत एक बाई निजली होती. मी विचारलं, "तिथल्या हिरीचं पाणी कसंय?" पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं आजीचं वय झालं. वय झालंच आहे, पण हा सवाल मी त्या बाईच्या निळ्या पाण्याकडं बघून केला नव्हता. तो सवाल आमच्या घरात फार जुना आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची ती सुगी. निजामाचं राज्य, वाटूरच्या अलीकडचं आमचं गाव, आणि घरात आम्ही तिघंच माणसं. मी, आमचे मालक, आणि मालकांची थोरली बहीण. तिला सगळा गाव आक्का म्हणायचा. मीही तेच म्हणायचे, 'वन्सं' म्हटलेलं तिला आवडत नसे. ऐन पंचविशीत नवरा गेला आणि ती भावाकडं येऊन राहिली. आमच्यात विधवेचा पाट लावायची रीत नव्हती. गेलेला माणूस एकदाच जातो, राहिलेल्या बाईचं मात्र रोज काहीतरी जात असतं. पण सासऱ्यांनी एक शहाणपण केलेलं होतं. लेकीला चोळीबांगडीपुरता जमिनीचा तुकडा द्यायची रीत असते, तसं ओढ्याकाठचं चार एकर रान त्यांनी आक्काच्या नावावर करून ठेवलं होतं. बांगड्या फुटल्या, रान राहिलं. काळंभोर, विहीर असलेलं. आमच्या सगळ्या शिवारात गहू आणि मिरची निघायची ती त्या एका तुकड्यात.

ते रान कसायचे मालक. आक्का घरात खायची, घरात राबायची. तिच्या रानात काय पिकलं आणि तिच्या पोटात किती गेलं, हे कुणी कधी मांडून बघितलं नव्हतं. मांडायची गरज तिला एकटीला होती, आणि तिला विचारतो कोण?

त्या पौषात हुरड्याला मुनीम आले. जालन्याच्या एका जिनिंगमध्ये ते कापूस तोलून घ्यायचे, त्यामुळं मालकांची ओळख. माणूस समुद्राकडचा, बोलणं नाकातलं, साठीला आलेला आणि पुढचे दोन दात पडलेले. आगटीभोवती सगळे बसले, कणसं भाजून चोळून झाली, आणि मुनिमांना हुरडा चावेना. आक्कानं काही न बोलता मूठभर हुरडा पाट्यावर ठेचला, त्यात दही आणि लसणाचं तिखट कालवलं आणि वाटी त्यांच्यापुढं सरकवली. मुनिमांनी वाटी पुसून खाल्ली. मग म्हणाले, "आमच्याकडं असं करून घालणारं माणूस असतं ना बाई, तर घर ओस पडलं नसतं."

कसलं घर, तर त्यांच्या चुलत्याचं. समुद्राकाठी, ओळीनं खोल्या असलेलं. तिथं उन्हाळ्यात आणि दिवाळीत मुंबईची माणसं हवापालटाला येतात. कुणाची छाती बारीक, कुणाचं बाळंतपण झालेलं, कुणाला नुसताच कंटाळा आलेला. महिना-पंधरा दिवस राहतात, खोलीचं भाडं देतात, जेवणाचे वेगळे देतात, आणि जातात. चुलता म्हातारा झाला, मूलबाळ नाही, त्याला घर विकायचं होतं.

मग आमचे शेजारी गंगाराम तात्या म्हणाले, "म्हंजी पाव्हण्याकडून पैसे घ्यायचे?"

"पाहुणे नव्हेत हो, भाडेकरू."

"घरात निजतो, जेवतो, तो पाव्हणाच की. अन् हवा पालटायला पैसे कोण देतं? हवा फुकट हाय."

सगळे हसले. मीही पदराआड हसले. आमच्या मुलखात अनोळखी माणूस जरी दारात आला तरी त्याला भाकरी देतात, भाकरीचे पैसे सांगणं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं. एकटी आक्का हसली नाही. काडीनं निखारे उकरत तिनं विचारलं, "ती माणसं जायच्या दिवशी जात्यात का?"

"म्हणजे?" मुनिमांना कळलं नाही.

"महिना झाला की उठून जात्यात का? का ऱ्हात्यात चिकटून?"

"जातात तर. दुसरी दारात उभी असतात ना."

आक्कानं काडी आगटीत टाकली. त्या वेळी मला वाटलं, बाई हिशोबी आहे. ती खरं काय विचारत होती हे कळायला मला फार दिवस लागले.

आठवड्याच्या आत गावाला कळलं की आक्का रान विकून समुद्राकाठी घर घेते आहे. मग काय, सुगी बाजूला राहिली. न्हाव्याची बायको मला पाणवठ्यावर म्हणाली, "मुंबईकडं बायका इकत्यात म्हणं, वयाचं बघत न्हाईत." कुणी म्हणालं घर आहेच कुठं, मुनीम पाण्याकडं बोट दाखवील आणि म्हणेल भरतीत बुडलं. कुणाला मुनिमाच्या पडलेल्या दातांतही डाव दिसला. म्हातारा असला म्हणून काय झालं, आधी हुरडा ठेचून घेतला, आता जन्मभर ठेचून घेईल. हे मीही ऐकायचे आणि थोडंफार मीही जोडायचे. संशयाला मीठ लागत नाही, तो नुसताच गोड लागतो.

मालकांचा तर डोळ्याला डोळा लागेना. एरवी मितभाषी माणूस, पण खळ्यावर मळणीच्या मेढीभोवती बैलांची पात फिरवताना मोठमोठ्यानं बोलायचे. मी भाकरी घेऊन गेले की सुरू. "साधीभोळी हाय ती. कुणी बी गुंडाळंल. मी तिचं भलं बघून राह्यलो. माझा काय स्वार्थ हाय ह्याच्यात?" मी न विचारता त्यांनी हे तीनतीनदा सांगितलं. आणि सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. खळ्यापलीकडं आक्काचं रान होतं, गहू पिवळा पडत आला होता, बांधावर मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि मालकांची नजर तिथून हलत नव्हती. बैल थांबले तरी यांच्या लक्षात नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्याच माणसाचा संशय आला. परक्याचा संशय आला की माणूस दार लावतो. आपल्या माणसाचा आला की कुठं बघावं तेच कळत नाही. मी भाकरीचं फडकं झटकलं आणि घरी आले.

शेवटी मालकांनीच तोड काढली, आणि ती अशी की आमच्याच लोकांना सुचावी. ते मुनिमांना म्हणाले, "आमच्याकडं रान घेताना बोलण्यावर जात न्हाईत. तिथली माती अन् तिथल्या हिरीचं पाणी आणून दावा. मंग बोलू."

खरंच तशी रीत होती. लांबचं रान घ्यायचं झालं तर तिथली ढेकळं पदरात बांधून आणायची, फोडायची, भिजवायची, चिमूटभर जिभेवर धरायची. पाणी तांब्यात घेऊन आधी वास, मग घोट. जाणता माणूस तेवढ्यावर सांगायचा, घ्या किंवा सोडा. पण ही रीत रानाची. खोल्या भाड्यानं द्यायच्या घराला ती लावणं म्हणजे म्हशीचे दात मोजून बैलगाडीची किंमत करणं. हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. गंगाराम तात्यांनी तर मालकांकडं बघत मांडीवर थाप मारली, "बराबर बोलला नामदेव."

मुनीमही भला. शिमग्याला ही समुद्राकडची माणसं काही झालं तरी घरी जाणारच. ते गेले, आणि रंगपंचमी झाल्यावर खरोखरच एक फडकं आणि बुचाची बाटली घेऊन आमच्या खळ्यावर हजर झाले.

तो दिवस माझ्यापुढं अजून तसाच आहे. उपणणी चालली होती. तिवईवर उभं राहून मालक वाऱ्याला टोपली देत होते, दाणे खाली पडत होते आणि भुसा पलीकडं उडत होता. मुनिमांना बघून ते खाली उतरले. भुसकटानं भरलेल्या भुवया तशाच. फडकं सोडलं. आत तांबूस वाळू, शिंपल्याचे तुकडे मिसळलेली. मालकांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. वाळू मुठीत दाबली तर गोळाच होईना, बोटांतून गळून गेली. मग बाटली उघडून घोट घेतला आणि तोही थुंकला.

"मचूळ हाय."

"आहेच," मुनीम म्हणाले. "ते वापरायला. पिण्याचं पाणी गावातून आणावं लागतं."

खळ्यावर असा हशा उठला की बैल बुजले. तात्या म्हणाले, "ह्यात तर कुसळ बी उगवायचं न्हाई. काळं रान देऊन वाळू घ्यायची अन् वर पाण्याला खर्चा?" मुनीम बिचारे हातातलं बूच फिरवत उभे राहिले. मालकांच्या तोंडावर समाधान मावेना. ते आक्काकडं वळले, "बघ, आता तूच बघ."

आक्का सुपात खडे निवडत होती. ती उठली, हात पदराला पुसले, बाटली घेतली आणि तिनं घोट घेतला. थुंकली नाही. गिळला. मग म्हणाली, "फसवायचं असतं तर गोडं पाणी आणलं असतं. तिथून इथपर्यंत येताना वाटंत हिरी काय कमी होत्या?"

तिनं पुढं विचारलं ते मालकांना. "नामा, इतका इचार मला सासरी देताना केल्ता का रं कुणी? त्यांच्या हिरीचं पाणी आणल्तं?"

मालक म्हणाले, "आक्का, तुला इथं काय कमी हाय?"

"काय बी न्हाई. म्हणून तर चाललेय." आणि मग, अगदी सरळ आवाजात, "रान तुलाच देते. रास्त भावानं घे. न्हाईतर तात्याला देते, त्ये केव्हाचे बांधावर घिरट्या घालून राह्यलेत."

तात्यांनी खाली बघितलं. मी तिचं सूप जवळ ओढलं आणि खडे निवडायला लागले. इतकी वर्षं त्या बाईनं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते एकदम जायलाच.

त्या वर्षीचा सगळा कापूस आणि ज्वारी मालकांनी विकून टाकली आणि रान घेतलं. आक्का अक्षय तृतीयेला करा-केळीचे मातीचे घट पुजून परतूरला गाडीत बसली. गाडी हलताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मालकांना नुसतं "येते" म्हणाली. मालक फलाटावर मला सांगत होते, "मिरगाच्या आत परत येती का न्हाई बघ."

मिरग आला, पेरण्या झाल्या, आक्का आली नाही. दर शिमग्यानंतर मुनीम यायचे, तिची खुशाली सांगायचे आणि तिनं धाडलेले नारळ द्यायचे. मालक एकेक नारळ कानाशी हलवून बघायचे आणि मुनीम गेले की म्हणायचे, "जालन्याच्या बाजारातले हायेत." इतका संशय कशाचा, मला उमजत नसे. आता उमजतं. ती तिथं फसली असती तर यांना बरं वाटलं असतं असं नाही. पण ती सुखात असली तर आमच्या घरात ती काय होती, हा सवाल उभा राहत होता, आणि तो यांना झेपणारा नव्हता. तिच्या रानातला गहू आता आमचा झाला होता. पोळी तशीच फुगायची. फक्त मालक पहिला घास घेताना थोडं थांबायचे.

मुनीम वारले, नारळ बंद झाले. मला दोन लेकरं झाली. आणि मग ते धामधुमीचं साल आलं, निजामाच्या राज्याचं शेवटचं. त्या वर्षी कुणी सुगी केली असं मला आठवतच नाही. खळ्यावर राखेचे शिक्के उठवायला कुणी थांबलं नाही. माणसं एकमेकांना रामराम घालायला भ्यायची, कोण कुणाला जाऊन काय सांगेल नेम नाही. ज्यांचे सोयरे हद्दीपलीकडं होते ते रातोरात तिकडं गेले. आमचं हद्दीपलीकडं कुणी नव्हतं. मालक दोन दिवस आक्काच्या रानात जाऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लेकरांचे कपडे बांध."

"कुठं?"

त्यांनी नाव घेतलं नाही. मी कपडे बांधायला घेतले.

लग्नाला चाललो म्हणून सांगत मनमाड गाठलं, तिथून मुंबई, तिथून बोट. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या, त्याच्या थोड्याच आधीची. माझ्या कानातली फुलं बोटीच्या भाड्यात मुंबईलाच गेली. समुद्र बघून लेकरं आनंदली, मी मात्र आधी पाण्यावर विश्वास ठेवला नाही. इतकं पाणी आणि कुणाच्या शेताला नाही, हे मला भलतंच वाटलं.

घर होतं. कौलारू, लांबलचक पडवी, ओळीनं खोल्या, प्रत्येक दाराला कुलूप अडकवलेलं. पडवीत मुंबईची माणसं पेपर वाचत बसली होती. आक्का एका पाणक्याशी हुज्जत घालत होती, कावडीतली घागर भरलेली नाही म्हणून. केस पांढरे झालेले, आवाज चढलेला. आमच्या घरात तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. तिनं आम्हाला बघितलं. पाणक्याला वाटेला लावलं, लेकरांना आधी पाणी दिलं, गोडं. त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मग मालकांसमोर उभी राहून विचारलं,

"किती दिवस?"

मालकांचा चेहरा पडला. तो सवाल ती पडवीतल्या माणसांनाही असाच विचारत असणार. ते म्हणाले, "आक्का, मी हवा पालटायला न्हाई आलो. जीव घेऊन आलोय."

"त्ये दिसतंय. भाडं देशील?"

मी लेकरांना जवळ ओढलं. वाटलं, आता ही सूड घेणार. आणि घेतला तर कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

"नामा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला होता, "मी तुझ्या घरी पाव्हणी म्हणून ऱ्हायले. तू कधी जा म्हणला न्हाईस. ही बी वाईट बोलली न्हाई. पण भाकर घेताना मी पहिल्यांदा वाढणारीच्या हाताकडं बघायचे, जास्त तर घेऊन राह्यले न्हाई ना. झोपताना बी वाटायचं, जागा जास्त तर अडली न्हाई ना. तसं तुझ्या लेकरांचं मला करायचं न्हाई. भाडं दे, अन् पाय पसरून ऱ्हा. भाडं दिलेल्या माणसाला कुणी नजरंनं बी उठीवत न्हाई."

मालकांनी कमरेचा कसा सोडला. आत होते ते निजामाचे हाली रुपये. हद्दीपलीकडं त्यांना कुणी विचारत नव्हतं, बोटवाल्यानंही ते परत ढकलले होते. तरी त्यांनी त्यातला एक काढून तिच्यापुढं धरला. आक्कानं रुपया उलटा-सुलटा करून बघितला, पायरीच्या दगडावर वाजवून बघितला, आणि पदराच्या गाठीला बांधला.

"इथं चालत न्हाई ह्यो," ती म्हणाली. "पण मी घेतला."

मालक हमसून रडायला लागले. एवढा मोठा माणूस, परक्या लोकांसमोर. ते तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकले तर आक्का झटकन मागं सरली.

"ऊठ," ती म्हणाली. "भाडेकरू पाया पडत न्हाईत."

आणि तिनं खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.